मास्तरची पाठ

पडदा वर जातो. घरातली एक खोली. मधोमध मोठं टेबल, त्यावर खडूने आखलेलं निळं कापड, शेजारी मिटलेली कात्री. आणि आमचा नायक? तो टेबलापाशी नाहीच. खुर्ची भिंतीला टेकवून, दाराकडे तोंड करून बसला आहे.

हा माझा भाचा. कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर, म्हणून घरीदारी सगळे त्याला मास्तरच म्हणतात. आमच्या नाटक कंपनीचे सगळे राजे त्याच्या कात्रीतून जन्माला आले. जुन्या पडद्यातून तो असा झगा काढायचा, की तो अंगावर चढला की नटाची मान आपोआप ताठ व्हायची.

मग कारखान्यात नवा सुपरवायझर आला. हा ओरडायचा नाही. मास्तरच्या पाठीमागे नुसता येऊन उभा राहायचा, मानेला श्वास लागेल इतका जवळ. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचा, "काय मास्तर, कापड कापताय, की नुसतेच कापताय?"

लोक हसायचे. आधी मास्तरचा हात मुळीच थरथरत नव्हता. रोज ऐकून ऐकून खरंच थरथरायला लागला. एक दिवस थप्पीतल्या सगळ्या बाह्या डाव्याच निघाल्या. त्या दिवशीचं हसणं काही थांबेना. मास्तरने कात्री ठेवली आणि घरी आला, तो परत गेलाच नाही.

"परवा न्हाव्याकडून अर्ध्यातच उठून आले," भाचेसून मला सांगत होती. "न्हावी मागे उभा राहतो ना. उरलेले केस मी कापले, तेही यांच्यासमोर उभं राहून. बघा, मावशी, कसं ध्यान दिसतंय."

आम्ही हसलो, मास्तरही हसला. तेवढ्यात तिने बाजूने चहाचा कप पुढे केला. तो असा दचकला, की कप फुटला. मग कुणीच हसलं नाही.

त्याच आठवड्यात कारखान्याच्या मालकीणबाईंचा निरोप आला. सोमवारी येऊन काय झालं ते सांगा, नाहीतर तुमचं टेबल दुसऱ्याला द्यावं लागेल.

"काय सांगू?" मास्तर म्हणाला. "मारलं नाही, शिवी दिली नाही. मागे उभा राहतो म्हणून सांगू? वेड्यात काढतील मला."

"तू सांग. मी आहे तुझ्या पाठीशी."

"पाठीशी नको गं, मावशी. समोर बस."

गेले. सोमवारी मालकीणबाईंच्या खोलीत त्याच्यासमोर बसले. आयुष्यभर रंगमंचावर उभी राहिले, त्या दिवशी प्रेक्षक झाले. सुपरवायझर आला आणि सवयीने मास्तरच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. मला वाटलं, पडला प्रयोग.

पण मास्तर उठला. खुर्ची उचलली, भिंतीला टेकवली, बसला आणि बोलायला लागला. आवाज कापत होता, तरी डाव्या बाह्यांपर्यंत सगळं सांगितलं. मी उगाच टाळ्या वाजवीन म्हणून हात पदरात धरून ठेवले.

मालकीणबाईंनी सुपरवायझरकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "उद्यापासून या, मास्तर. हे तुमच्या खात्यात नसतील आता."

"नसू देत," मास्तर म्हणाला. "पण माझं टेबल तेवढं सरकवा, माझी पाठ भिंतीला येईल असं."