पत्र्याचा वारा

सगळं लातूर ज्या वाऱ्याला दारं-खिडक्या लावून घेतं, त्या वाऱ्यात मुद्दाम बाहेर पडणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच होता, आणि तो माझ्या खानावळीला लागून असलेल्या पत्र्याच्या दुकानात कपडे शिवायचा. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. आमच्याकडे शिंप्याला मास्तरच म्हणतात. शिकवणारे ते सर. पुढे लातुरात सर इतके झाले की मास्तर म्हणून हे एकटेच उरले.

मास्तर मूळचे देगलूरचे. उंच, काटकुळे, गळ्यात टेप, कानावर खडू. फुंकर मारली तर भिंतीला टेकतील असा बांधा, आणि शौक मात्र सोसाट्याच्या वाऱ्यात पतंग उडवायचा. संक्रांतीला सगळी गल्ली गच्चीवर चढून बोंबलत असायची, तेव्हा हे दुकानात मान खाली घालून शर्टाची काजं करत बसत. कुणी छेडलंच तर म्हणत, "ह्याला वारं म्हणतात व्हय? फुंकर हाय ही. चहा गार करायला बरी."

त्यांच्या मते जगात वारे चारच. पहिला पापडाचा, म्हणजे वाळवणावरचे पापड उडतात तो. दुसरा साडीचा, म्हणजे दोरीवरची साडी चिमट्यासकट शेजारणीकडे जाते तो. तिसरा पत्र्याचा, म्हणजे त्यांच्या दुकानाचा पत्रा 'बोलायला' लागतो तो. आणि चौथा दगडाचा, म्हणजे पत्रा उडू नये म्हणून वर ठेवलेले दगडसुद्धा सरकतात तो. पहिल्या दोन वाऱ्यांकडे ते ढुंकून बघत नसत. तिसरा सुटला की मशीनवरचा पाय जागच्या जागी थांबायचा आणि अर्धी शिवलेली बाही सुईखाली तशीच टाकून मास्तर माळाच्या दिशेने चालू लागायचे. एकदा एका नवरदेवाचा कोट असाच एका बाहीवर राहिला. वरात निघायची वेळ झाली, तेव्हा नवरदेवाचा मामा तणतणत माळावर गेला. मास्तरांनी त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पतंगाचे दोर त्याच्या हातात दिले आणि सांगितलं, धरा जरा, बाही लावून येतो. कोट वेळेवर मिळाला. मामा लग्नात अक्षता टाकत होता त्या दोरांनी कापलेल्या, फडकं गुंडाळलेल्या तळहातांनी, पण तक्रार म्हणून नाही. ज्याला त्याला तो पतंगाचंच सांगत होता.

पतंग कागदाचा नव्हताच. छत्रीचं काळं कापड, छत्रीच्याच काड्या, आणि मधे मच्छरदाणीच्या जाळीच्या पट्ट्या. सुरुवातीला ते अख्ख्या कापडाचा करायचे. तो फाटला की आणखी जाड कापड घ्यायचे, मग काड्या मोडायच्या. जाळीची युक्ती त्यांना बऱ्याच मोडतोडीनंतर सुचली. मला म्हणाले, "ताई, वाऱ्याशी भांडायचं न्हाई. त्याला मधून जायला वाट ठेवायची. मग तो आपलं काम करून जातो." मला हे पटलं म्हणून मी घरी सांगितलं. तेव्हापासून मी रागावले की माझा नवरा दारातून बाजूला सरकून मला वाट देऊ लागला.

दोर दोन असायचे, बैलाच्या कासऱ्यासारखे. डावा ओढला की पतंग डावीकडे, उजवा ओढला की उजवीकडे, आणि नीट साधलं तर आभाळात अख्खी गोल गिरकी. ही गिरकी पत्र्याच्या वाऱ्यात घ्यायची म्हणजे माणूस जमिनीवर टिकायला हवा. मास्तर टिकत नसत. एक दिवस ते माझ्याकडे आले आणि चपला काढून, अदबीने म्हणाले, "राग मानू नका ताई. पण तुमच्यासारखं भक्कम माणूस गल्लीत दुसरं न्हाई."

मी राग मानला. दुपारचं ते माझ्याकडेच जेवत; दोन दिवस त्यांच्या ताटात भाजीचा पातळ रस्साच पडला. तिसऱ्या दिवशी वाऱ्याने मास्तरांना ओढत बाभळीत नेऊन घातलं. त्यांची बायको, म्हणजे आमच्या भाभी, हातात काटे काढायची सुई घेऊनच माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, "ताई, तुमीच धरो इनकू. नई तो एक दिन नांदेडकू जाके पडेंगे." नांदेडच्या बाजूला माझं माहेर, मुदखेड. माणूस तिथपर्यंत उडत जाऊ नये, एवढं माझ्या हातात होतं. तेव्हापासून दुपारची भांडी आटोपली आणि पत्रा बोलला की मी माळावर जाऊ लागले. दप्तराच्या जाड पट्ट्यांचा मास्तरांनी स्वतःच्या कमरेला एक पट्टा शिवला होता, तो मी मागून दोन्ही हातांनी धरायचा आणि टाचा रोवून उभं राहायचं. विजेच्या तारांसारखे दोर गुणगुणायचे. मी आभाळाकडे फारसं बघत नसे, मला मास्तरांच्या शर्टाची पाठच दिसायची. पण पतंगाने गिरकी पुरी केली की ती पाठ एकदम सैल पडायची. तेवढं मला कळायचं.

दुकान आणि घर, दोन्ही पत्र्याची असण्याचं कारण भूकंप. भूकंपानंतर सगळं लातूर बाहेर झोपायचं. दोन-तीन महिन्यांनी एकेक घर आत गेलं. मास्तर गेले नाहीत. त्या काळात ते औश्यापलीकडच्या गावांत तंबू शिवायला गेले होते. तिथे काय बघून आले ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. परत आल्यावर स्लॅबची भाड्याची खोली सोडली, पत्रे उभे केले, आणि पुन्हा म्हणून स्लॅबखाली पाऊल टाकलं नाही. लग्नाला गेले तर मांडवातून परत. मशिदीत नमाज अंगणात. माझी खानावळ स्लॅबची, तर इतक्या वर्षांत एकदाही आत येऊन जेवले नाहीत. पाऊस असो, थंडी असो, ताट बाहेरच्या ओट्यावर. मी एकदा म्हटलंही, मास्तर, ज्या वाऱ्यात म्हशी बसतात त्यात तुम्ही उभे राहता आणि छताला भिता? त्यावर ते म्हणाले, वारा येतो तेव्हा सांगून येतो.

मग क्लासेस आले. मुरुडची, उदगीरची, कुठकुठली मुलं पुस्तकांच्या पेट्या घेऊन उतरू लागली. नांदेडची मुलं लातुरात शिकायला यायची आणि लातूरची नांदेडला जायची. कशासाठी ते मला अजून उमगलेलं नाही. माझ्या वीस ताटांची शंभर ताटं झाली, त्यामुळे क्लासना नावं ठेवायचा अधिकार मला नाही. पण माळ गेला. आधी चुन्याच्या फक्कीने प्लॉट पडले, मग पाया खोदले गेले, आणि शेवटी बरोबर पश्चिमेला, जिकडून आषाढातला वारा यायचा तिकडे, चार मजली क्लास उभा राहिला. आता वारा इमारतीवर आपटून फुटायचा आणि तुकड्यातुकड्यांनी खाली यायचा. पतंग वर जायचा, गोंधळायचा आणि डोक्यावर पडायचा. मास्तरांनी दोन-चार जागा बदलून बघितल्या. मग पतंग चादरीत गुंडाळून कापड कापायच्या टेबलाखाली सारला.

त्या आषाढात एका दुपारी पत्रा बोलायला लागला. मी सवयीने हात पुसून बाहेर आले. मशीन चालूच होती. भाभी दारात उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "ताई, पत्रा बोलरा. अन् ये सुनतेच नई." मग मास्तरांचं जेवण उतरलं. ताटात अर्धी भाकरी परत येऊ लागली. खानावळ चालवणाऱ्या बाईला एवढं निदान पुरतं. मी दुकानात गेले आणि सरळ सांगितलं, "वारा कुठं गेला नाही मास्तर. वर गेलाय. क्लासच्या गच्चीवर चला, किल्ली मी आणते."

"स्लॅबवर?"

"स्लॅबवर. आणि जिना आतून आहे."

"न्हाई ताई. जमिनीवर जमलं तर जमलं."

"जमिनीवर आता जमत नाही. मग तो पतंग उसवा आणि मला भाजीची पिशवी शिवून द्या. कापड चांगलं आहे."

चार दिवस ते ओट्यावर फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी दुपारी वारा सुटला आणि मास्तर ओट्याशी येऊन उभे राहिले. काखेत पतंग, गळ्यात टेप, हातात गिऱ्हाइकांच्या मापांची वही. म्हणाले, आधी पिलर बघू द्या.

क्लासच्या सरांचे दोन पुतणे माझ्याकडे जेवत, त्यामुळे किल्लीला अडचण नव्हती. अडचण पिलरांची होती. मास्तर दारात थांबले, शिवणाचं लोखंडी अंगुस्तान घातलेल्या बोटाने पहिल्या पिलरवर टकटक केलं, आणि मग माणसाला घालतात तसा त्याला टेपचा वेढा घातला. माप वहीत गेलं. मग दुसरा. मग तिसरा. प्रत्येकाचं माप झाल्यावरच ते पुढची पायरी चढत होते. पहिल्या मजल्याला म्हणाले, छाती बरी हाय. दुसऱ्याला म्हणाले, कमर बारीक केली, कापड वाचवलं. तिसऱ्या मजल्यावर फिजिक्सचा तास चालू होता आणि एक पिलर वर्गाच्या आत होता. सरांनी खडू थांबवून, काय पाहिजे असं विचारलं. मास्तर नम्रपणे म्हणाले, "तुमचं चालू द्या. मला फक्त कमर घ्यायची हाय." सगळा वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. टेप लावताना तो त्यांच्या हातातून सुटून खाली पडला.

मी तो उचलला. पिलरला वेढा घातला आणि आकडा सांगितला. त्यांनी लिहिला. तिथून वर सगळी मापं मी घेतली. चौथ्या मजल्यावर त्यांनी एकदाच विचारलं, "आकडा वाढवून तर सांगत न्हाई ना?" मी म्हटलं, "मी ताटात कमी वाढत नाही आणि मापात जास्त सांगत नाही. चला."

गच्चीचं दार उघडलं आणि वाऱ्याने ते माझ्या हातातून हिसकावून भिंतीवर आपटलं. तो अख्खा वारा होता. मास्तर क्षणभर उंबऱ्यावर उभे राहिले. मग चपला काढून त्यांनी एक पाय स्लॅबवर ठेवला, विहिरीचं पाणी बघावं तसा, आणि मग दुसरा. मी पट्टा धरला. पतंग हातातून सुटला तो थेट वर. माझे पाय वीतभर घसरले, मी पाण्याच्या टाकीच्या पायाला तंगडी अडकवली. डावा दोर, उजवा दोर, आणि काळ्या कापडाने सगळ्या लातुरावर एक गिरकी घेतली, मग उलटी दुसरी. माझ्यासमोरची पाठ सैल पडली. किती गिरक्या झाल्या मी मोजल्या नाहीत. खिडक्यांतून मुलं शिट्ट्या मारत होती आणि फिजिक्सचे सर त्यांना गप्प करायचं सोडून स्वतःच बाहेर डोकावत होते.

मग पावसाची आडवी सर आली. पतंग उतरवताना एक जाळी कठड्याला लागून उसवली. आम्ही धावत चौथ्या मजल्याच्या वऱ्हांड्यात आलो. मास्तर तिथेच फरशीवर बसले, पतंग मांडीवर घेतला, कॉलरीला खोचलेली सुई काढली आणि जाळी शिवायला लागले. मी समोर बसले. सर गेली, ऊन आलं, पुन्हा सर आली. कधीतरी सुई थांबली. त्यांनी मान वर केली. वर स्लॅब होता.

"ताई, किती वेळ झाला?"

"अर्धा तास."

त्यांनी मान खाली घातली आणि दोरा ओढून घेतला. म्हणाले, "ही शिवण बसवूनच उतरू."

त्यानंतर चार आषाढ आम्ही त्या गच्चीवर गेलो. मग मास्तरांचे गुडघे धरले आणि देगलूरला दिलेली मुलगी दोघांना तिकडे घेऊन गेली. तिचं घर पक्कं, स्लॅबचं आहे, खाली दोन खोल्या, वर दोन. मध्यंतरी मी फोन केला तर भाभींनी उचलला. मास्तर काय करतात विचारलं. भाभी म्हणाल्या, आतल्या खोलीत पंख्याखाली झोपलेत, रोजच झोपतात, आता काही त्रास नाही. चांगलं झालं, मी म्हटलं. उठवू का, असं त्यांनी विचारलं. बाहेर वारा सुटला होता, पण तो इथे होता. म्हटलं, नको. झोपू द्या त्यांना.