काचेबाहेरची भाकरी

प्रवासात एक खाद्यसंग्रहालय पाहिले. तिथल्या कार्यशाळेत पर्यटकच भाकरी थापत होते. आमच्या बसमधल्या शांताबाईंची भाकरी टम्म फुगली. शिकवणाऱ्या बाई खूश झाल्या.

"मावशी, ही काचेत ठेवू. संध्याकाळी आम्ही टाकून देतो. इथलं खायला परवानगी नाही."

"टाकून? मग थापायला कशाला लावलीस गं?"

"नियम आहे, मावशी."

"तुझ्या नियमाला भूक लागत नसेल. मला लागते."

शांताबाईंनी भाकरी मोडली आणि पहिला तुकडा त्या बाईंच्याच हातावर ठेवला. बाईंनी दाराकडे पाहिले आणि खाल्ला. भाकरी कुणी खाल्लीच नाही, तर ती नुसती वस्तू उरते.

त्या संध्याकाळी काचेच्या कपाटात 'ज्वारीची भाकरी' या पाटीमागे रिकामी ताटली होती. तीच मांडणी खरी होती.