थांबाबाईंचं दीड मिनिट

थांबाबाईंना सध्या भांडारात बसवलंय. स्क्रू, पट्टे, रबरी तळवे यांची आवक-जावक बघतात. ज्या बाईने आमच्या कृत्रिम पायांच्या कारखान्यातली सर्व्हरची खोली पहिल्या वायरीपासून उभी केली, तिच्यापुढे आता स्क्रूचे डबे! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मला कुणी विचारलेलं नाही, पण मी सांगणार. मी तिथेच सॉकेट बनवते. कापलेल्या पायाचा उरलेला भाग ज्यात बसतो तो पेला म्हणजे सॉकेट. त्यामुळे हे सगळं माझ्या टेबलावरूनच गेलंय, ऐकीव काही नाही.

बाई म्हणजे बुटका देह आणि खणखणीत आवाज. आधी टेलिफोनच्या कचेरीत होत्या, ती बंद पडली. मग लेकीला मांडीवर घेऊन परीक्षा दिल्या आणि इंजिनियर झाल्या. गोड बोलणं त्यांच्या गावी नाही. पत्त्यांत बिनदिक्कत लबाडी करतात, पकडलं तर वर तोंड करून भांडतात. नवरा शाळेत चित्रकला शिकवतो. "आमच्या घरात मी फक्त चित्रात बोलतो," असं तोच सांगतो. सासूबाई ऐंशीच्या पुढे, पण चुलीवरचा हक्क सोडत नाहीत. दोघींची खडाजंगी रोजची, आणि एकमेकींवाचून दोघींनाही घास उतरत नाही.

त्यांचं काम काय, ते मला त्यांनी एकदा या सासूबाईंवरूनच समजावलं.

आमच्याकडे प्रत्येक पेशंटच्या पायाची मापं एका फाइलमध्ये असतात. मी फाइल उघडली की सर्व्हर तिला माझ्या नावाने कुलूप घालतो. म्हणजे बाकीच्यांनी बघावं, पण हात मी सोडून कुणी लावायचा नाही. सर्व्हर दोन आहेत. एक राबतो, दुसरा डोळ्यात तेल घालून त्याच्यावर नजर ठेवतो. पहिला कोसळला की दुसरा लगेच उभा राहतो.

"मग झालं की! थांबायचं कशाला?" मी विचारलं होतं.

"अगं शहाणे, मी भाजी टाकलीय आणि फोन वाजला म्हणून उठले. सासूबाई चुलीपाशी आल्या. त्यांनी आधी काय करायचं?"

"मीठ घातलंय का ते विचारायचं."

"आणि माझं उत्तर येईपर्यंत चमचा खाली ठेवायचा! त्या ठेवत नाहीत, म्हणून आमच्याकडे आठवड्यातून एकदा भाजी खारट. दुसऱ्या सर्व्हरला कुठे ठाऊक असतं कुणाचं कुलूप कुठल्या फाइलवर होतं ते? तो सगळ्या कॉम्प्युटरना विचारतो. ज्याचं त्याने आपापलं कुलूप परत मागून घ्यायचं. तोवर नवं कुलूप कुणालाही नाही. दीड मिनिट. एवढा धीर नाही होय माणसाला?"

त्या दीड मिनिटात सगळ्यांचे स्क्रीन गोठतात. लोक कळा बडवतात, कुणी कॉम्प्युटरच बंद करतं. म्हणून बाईंनी रिवाज पाडला होता. सर्व्हर बदलला की त्या दारात येऊन ओरडायच्या, "थांबा! हात वर!" आणि अख्खं दालन पोलिसांनी धरल्यासारखं हात वर करून बसायचं. कुणी आळस द्यायचं, कुणी शेजारणीला चिमटे काढायचं. बाईंचं नाव पडलं ते यावरूनच.

मग आले आमचे नवे साहेब. आम्ही त्यांना झटपटसाहेब म्हणतो, अर्थात पाठीमागे. त्यांनी देणगीदारांना कारखाना दाखवायला आणलं, आणि नेमका तेव्हाच पहिल्या सर्व्हरचा पंखा अडकला. स्क्रीन गोठले. बाई दारात. "थांबा! हात वर!" आम्ही सवयीने हात वर केले. पाहुण्यांपैकी एका आजोबांनी घाबरून आपलेही केले. सगळे हसले. साहेबांचा चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा झाला.

पाहुणे गेल्यावर साहेबांनी बाईंना बोलावलं. केबिनचं दार उघडंच होतं, आणि बाईंचा आवाज तर दार बंद असतानाही येतो.

"ते दीड मिनिट काढून टाका."

"काढता येणार नाही. दोघांचे हात एका फाइलवर पडतील."

"आजवर पडले का?"

"पडले नाहीत कारण दीड मिनिट आहे!"

आता याच्यावर शहाणा माणूस काय बोलेल? गप्प बसेल. साहेबांनी बाहेरच्या ठेकेदाराचा माणूस बोलावला आणि थांबण्याची वेळ शून्य करून घेतली. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळी कुठे चरते याचं काय!

पुढच्याच महिन्यात भिंतीवर मोठा टीव्ही लावायला माणसं आली आणि त्यांनी सर्व्हरचा मुख्य खटका पाडला. दुसरा सर्व्हर उठला. स्क्रीन जेमतेम पापणी लवेस्तोवर अडकले आणि कामं सुरू. साहेब दालनात येऊन टाळ्या वाजवत म्हणाले, "बघा! कुणाला कळलंसुद्धा नाही!"

कळलं नाही, हेच तर मेलं दुखणं होतं! त्या वेळी मी कंडक्टरबाईंच्या सॉकेटवर बसले होते. या बाई बसवर कंडक्टर. अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गेला. सूज उतरून पाय बारीक झाला होता, म्हणून मी त्यांची नवी मापं भरत होते. पलीकडे पाऊल जोडणारा दादा त्याच फाइलसाठी ताटकळत होता, त्याला तळव्याचा कोन टाकायचा होता. सर्व्हर बदलला आणि माझा कॉम्प्युटर कुलूप परत मागायच्या आत दादाच्या कॉम्प्युटरने नवं कुलूप पटकावलं. त्याच्यापुढे उघडली ती जुन्या मापांची फाइल. मला वाटलं फाइल माझी, त्याला वाटलं त्याची. दोघांनीही सेव्ह केली. वरचा अर्धा भाग माझा राहिला, खालचा जुना. मधला सांधा आमच्या प्रोग्रॅमने असा गुळगुळीत करून दिला की स्क्रीनवर कुठे शंका येऊ नये. यंत्राने साचा कापला, सॉकेट झालं, पाय कंडक्टरबाईंना मिळाला.

आठवड्याभरात कंडक्टरबाई परत आल्या. नडगीवर लाल वळ. "टोचतं हो," म्हणाल्या. आमच्या तपासनिसाने सॉकेटच्या आत घालायचे जाड मोजे दिले. पुन्हा आल्या, कातडी सोललेली. साहेब स्वतः बाहेर येऊन म्हणाले, "ताई, मन घट्ट करा. सवय होईल. जगाला होते." आणि त्यांना समुपदेशनाला पाठवलं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण दोष कुठे आहे ते तेव्हा मलाही सापडत नव्हतं. माझी मापं तर मी दोनदा ताडून पाहिली होती.

त्यांचा भाऊ सोबत यायचा. तिसऱ्या खेपेला तो सगळ्यांदेखत म्हणाला, "हिला कामावर जायचंच नाहीये. नाटकं नुसती." बस डेपोने कंडक्टरबाईंना सांगितलं होतं, महिनाअखेर चालून, जिना चढून दाखवा, तर पुन्हा बसवर घेऊ, नाहीतर घरी बसा. म्हणून ती बाई रक्ताळलेल्या पायाने आमच्या दालनात फेऱ्या मारत होती, आणि दर फेरीला "आता बरं वाटतंय" म्हणत होती.

थांबाबाई चहाला निघाल्या होत्या, त्या दारातच थबकल्या. मला बाजूला घेऊन विचारलं, "हिचं सॉकेट कधी केलंस?"

"टीव्ही लावला त्या दिवशी."

त्यांनी कपाळावर हात मारला. "साचा काढ."

आम्ही साचा टेबलावर घेतला आणि टेप लावला. गुडघ्यापाशी माप बिनचूक. चार बोटं खाली गेलं तर भलतंच, आणि नेमकं नडगीच्या हाडापाशी. पाऊलदादाला बोलावलं, जुनी मापं ताडली. खालचा भाग तंतोतंत जुळला.

बाई साचा काखेत मारून थेट केबिनमध्ये. मी मागोमाग. साहेबांनी सगळं ऐकलं, साचा उलटसुलट करून पाहिला, आणि म्हणाले काय? "ठीक आहे. नवं बनवा. त्यांना सांगा, आणखी चांगलं मॉडेल आलंय."

"आणि चूक?"

"चुकीचा बोभाटा कशाला? संस्थेचं नाव आहे. बाहेर शब्द गेला तर तुमचं काय करायचं ते मी बघतो."

"बघा," बाई म्हणाल्या. एवढं थोडक्यात बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

नवं सॉकेट मी स्वतः बनवलं. त्याआधी ठेकेदाराच्या माणसाला न विचारता बाईंनी दीड मिनिट पुन्हा घातलं. आता साहेब तेच दीड मिनिट 'आमचं सुरक्षा धोरण' म्हणून पाहुण्यांना सांगतात. चीड येते मला. थुंकावंसं वाटतं.

पण मला सांगायचंय ते त्या सकाळचं. कंडक्टरबाईंनी नवा पाय चढवला. उभ्या राहिल्या. दोन पावलं टाकली, थांबल्या, पुन्हा टाकली. मग जिन्यापाशी गेल्या आणि कठडा न धरता वर चढल्या. साहेब टाळ्या वाजवत पुढे आले. "बघा! म्हटलं नव्हतं, सवय होईल? आणि हे मॉडेलही नवीन आहे." भाऊ म्हणाला, "मनाचेच खेळ होते हिच्या."

कंडक्टरबाई मान खाली घालून हसल्या. ते हसणं मला बघवेना.

"मॉडेल तेच आहे," थांबाबाई म्हणाल्या. दालनात सगळ्यांना ऐकू गेलं. "आधीचा पाय चुकीचा होता. आमच्या मशीनने दोन मापं एकात एक मिसळली. तुमची काही चूक नव्हती."

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. कंडक्टरबाई पायरीवरच बसल्या. थांबाबाईंकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे खरंच दुखत होतं?"