शिगेनोबाईंची महिनाभराची खुर्ची

मोरिओकातल्या हिमावारी सुपरमार्केटच्या तीन नंबरच्या गल्ल्यावर शिगेनोबाई एकोणतीस वर्षं उभ्या होत्या. गिऱ्हाइकासमोर बसणं म्हणजे उर्मटपणा. त्यामुळे संध्याकाळपर्यंत पोटऱ्यांवरच्या निळ्या शिरा दोरखंडासारख्या फुगत आणि घरी आल्या की बाई भिंतीला पाय टेकवून आडव्या होत. नवरा तोकुजी टॅक्सी चालवत. बारा तास बसून त्यांची कंबर अशी आखडे, की ते जेवतही ओट्याशी उभं राहून. लग्नाला तीस वर्षं झाली, पण दोघं एका उंचीवर कधी जेवली नव्हती.

डॉक्टर वैतागले होते. "तुम्हाला उभं राहणं नडलंय, यांना बसणं. माणसानं ऊठबस करत राहावं. नाहीतर नोकऱ्या तरी बदलून घ्या!"

"नको हो," शिगेनोबाई म्हणाल्या, "ह्यांना अंडीसुद्धा धड पिशवीत ठेवता येत नाहीत."

बाईंना एकच हवं होतं. लग्नाआधी एका ऑक्टोबरात दोघं नाकात्सू नदीच्या काठानं चालत गेली होती, समुद्रातून परतलेले सॅमन मासे बघायला. तसं पुन्हा एकदा चालायचं होतं. दर ऑक्टोबरला तोकुजी दारात उभं राहून विचारत, "येतेस का गं?" आणि शिगेनोबाई आडव्या पडूनच म्हणत, "पुढच्या वर्षी नक्की हं."

या ऑक्टोबरात दुकानानं गल्ल्यामागे खुर्ची ठेवली. महिनाभर प्रयोग, तक्रार आली नाही तर कायमची. शिगेनोबाई बसल्या. गिऱ्हाईक आलं, रिवाजाप्रमाणे उठून नमस्काराला वाकल्या. बसल्या. गिऱ्हाईक निघालं, पुन्हा उठून वाकल्या.

"अहो, बसूनच वाका ना!" शेजारच्या गल्ल्यावरची मिसा हसली.

"बसून वाकलं की चप्पल शोधतेय असं वाटतं गं."

पण डॉक्टरांची ऊठबस आपोआप घडली. दहा दिवसांत सूज उतरली. एका संध्याकाळी दोघं पोस्टापर्यंत चालत गेली, पुढच्या आठवड्यात देवळापर्यंत. नदी दोन वळणांवर राहिली.

आणि तक्रारपेटीत चिठ्ठी पडली. बावीस वर्षं दुकानाच्या गिऱ्हाईक असलेल्या कागामी आजींची. 'माझ्या एका मुळ्यासाठी बाईंना दोनदा उठावं लागतं. जिवाला लागतं. कृपया त्यांना सुखानं उभं राहू द्यावं.' साहेबांनी चौकशी केली. निम्मी गिऱ्हाइकं, बाईंना त्रास नको म्हणून, दुसऱ्या रांगेत जात होती. खुर्ची कोठारात गेली.

दुसऱ्या दिवशी आजी हजर. "आता बरं वाटतंय ना गं?"

"हो आजी," म्हणत बाई खोल वाकल्या.

चार दिवसांत पाय पुन्हा फुगले. त्या संध्याकाळी काम सुटलं, तर दुकानाच्या मागच्या दाराशी टॅक्सी उभी. चालकानं आतून कळ ओढली, तिचं मागचं दार आपोआप उघडलं.

"कुठं सोडू, बाईसाहेब?" तोकुजींनी विचारलं.

"अहो, मला चालत जायचं होतं."

"माहितीये गं."

नदीकाठी ते उतरून कंबरेवर हात ठेवत कठड्याशी उभे राहिले. बाई सीटवरच, पाय बाहेर सोडून. बूट काढला होता, तो आता चढेना.

"मासा दिसतोय का?" त्यांनी विचारलं.

"इथनं नुसता कठडा दिसतोय. तुम्हीच सांगा."

"एक मोठा आहे. अंगभर ओरखडे. थांबतो, मग वर सरकतो."

"पोचला?"

"अजून नाही."

बाईंनी बूट मांडीवर घेतला. "घाई नाही," त्या म्हणाल्या, "सांगत राहा."