वहिवाट

"चपला काढ. हातात घे."

बांधावर बसून पाटील म्हनाला. मी लग्न होऊन आले त्याला पंधरा दिवस बी झाले नव्हते. वाटंवर सराट्याचे काटे. मी नुसती बघत राहिले. तर माझ्या सासूनं, आत्याबाईंनी, खाली वाकून माझ्या पायातल्या चपला काढल्या. साठीची बाई. सुनंच्या पायाशी वाकली. लाजेनं मेले मी.

"का म्हनून?" मी इचारलं.

"वहिवाट हाय," पाटील म्हनाला.

घरी आल्यावर आत्याबाईंनी सांगितलं. आपल्या जातीच्या बाईनं पाटलाच्या रानातून चपला घालून जायचं न्हाई. लई आधीपासनं चालत आलंय, कुनी मोडलं न्हाई, म्हनून पक्कं झालं. त्याला वहिवाट म्हनायचं. मला तवाच संशय आला. पक्कं कुनी केलं? कुनासाठी?

पुढं दुष्काळ पडला. आमची वस्ती खडी फोडायला जायची, त्याच वाटंनं. दुसरीकडून जायचं तर टेकडीला वळसा, आन हजेरी हुकली की त्या दिवशी चूल बंद. अशात एक दिवस पाटील तलाठ्याला घेऊन वस्तीत आला. काय ते गोड बोलनं! आमच्या कपातनं च्या बी प्याला. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"तुमच्याच भल्याचा कागद आहे. उठवा अंगठे," तलाठी म्हनाला.

आत्याबाईंनी आंगठा शाईत बुडवला सुद्दा. मी त्यांचा हात धरला. चौथी शिकलेली मी. कागद घेतला, अक्षर लावत वाचला. आमी ही वाट पाटलाच्या परवानगीनं वापरतो, आमची वहिवाट न्हाई, तो सांगंल तवा बंद करू. असं लिहिलं हुतं.

तळपायाची आग मस्तकात गेली.

"चपला काढायच्या ती वहिवाट. आन आमच्या आज्या-पंज्यापासनं पडलेली वाट, ती तुमची मेहेरबानी व्हय?"

"बाईमाणसानं कायद्यात बोलू नये," तलाठी म्हनाला.

"मग बाईमानसाचे आंगठे कशाला घेता?"

एक बी आंगठा उठला न्हाई. दुसऱ्या दिवशी पाटलानं वाट नांगरली. आमी बाया ढेकळं तुडवत गेलो. तिसऱ्या दिवशी बाभळीच्या फांद्या टाकल्या. त्या उचलून त्याच्याच रानात फेकल्या. पाटलाच्या सांगन्यावरनं गिरनीवाल्यानं आमचं दळान बंद केलं. आत्याबाई जात्यावर बसल्या, पन मला "बास कर" म्हनाल्या न्हाईत.

अजून कुनी गोडीत सांगतं, "हे असंच चालत आलंय." मी त्याच्या तोंडाकडं बघत न्हाई. हातात कागद कसला हाय ते बघते. आन वाट सोडत न्हाई.