खाणीवर न रुजलेली माती

गेल्या डिसेंबरात राधानगरीकडे गेले होते, ती फिरायला नव्हे. एक निकाल सांगायला. रिपोर्ट पोस्टाने पाठव, असं आमच्या प्रयोगशाळेतले सर म्हणाले होते. पण ज्या माणसाने सहा वर्षं डोक्यावरून माती वाहिली, त्याला नुसतं पाकीट पाठवणं मला जमेना.

पुण्याहून सकाळची एसटी पकडली, तर दुपारी कोल्हापूर येतं. स्टँडसमोर मिसळ खाऊनच घ्या; पुढे चहा-भजीशिवाय काही मिळत नाही. राधानगरीच्या गाडीला दोन तास धरून चला. उसाचे फड आणि गुऱ्हाळांचा धूर मागे पडतो, मग कापणी झालेली भातखाचरं लागतात. शेवटचा टप्पा वडापचा, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या जीपचा. शेजारच्या आजींनी विचारलं, "कुणाकडं निघालाय, पावणं?" "आनंदा कांबळेंकडे." "खुळ्या आनंदाकडं व्हय?" म्हणत त्यांनी मला सरकून जागा दिली.

आनंदामामा गावावरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, बॉक्साइटच्या खाणीत कामाला होते. नव्वदच्या दशकात खाण बंद पडली आणि वर उरला नुसता तांबडा कातळ. तिथे लावलेली रोपं दरवर्षी मरायची. मग मामांनी स्वतःच रानाच्या कडेची माती पोत्याने आणून प्रत्येक खड्ड्यात घालायला सुरुवात केली. "दुधाला इरजण लावतोय तसं," असं त्यांनी मला पहिल्या भेटीत सांगितलं होतं. कल्पना खरंच चांगली होती. म्हणून आम्ही त्या खड्ड्यांतली माती प्रयोगशाळेत नेली. मातीतला डीएनए वाचला की तिच्यात कोणकोणते जीव नांदतात ते कळतं.

घरी पोचले तेव्हा मामांच्या बायकोने, हौसामावशींनी, कोंबडीचा रस्सा आणि नाचणीची भाकरी केली होती. मामांनी शेजाऱ्यांनाही बोलावलं होतं. "पुण्याच्या बाई निकाल घिऊन आल्यात," ते प्रत्येकाला सांगत होते. तेवढ्या माणसांत मी रिपोर्ट पिशवीतच ठेवला.

सकाळी दोघं सड्यावर गेलो. तासाभराची चढण आहे. वर पाणी नाही, सावली नाही. मामांच्या खांद्यावर झऱ्याच्या पाण्याचा कॅन. कंबरेएवढी चाळीसेक झाडं. जांभूळ, हिरडा, अंजन, एकेकाला पाणी घालत ते ओळख करून देत होते.

"मामा, माती धरली नाही."

"म्हंजी?"

"तुम्ही आणलेल्या मातीतले जीव इथे टिकले नाहीत. मुळांना धरून राहणारी रानातली बुरशी एकाही खड्ड्यात सापडली नाही."

"झाडं तर जित्ती हाईत की!"

"तुम्ही पाणी घालता म्हणून."

त्यांनी जांभळाचं एक पान उलटून पाहिलं. "मशीन चुकत न्हाय?"

"तीनदा तपासलं."

"मग किती वर्सं लागतील?"

"नाही सांगता येत. आपल्या हयातीत तर नाहीच."

"इथं गुरं राखली म्या ल्हानपणी," ते म्हणाले. "आन् सुरुंगबी म्याच लावलं." मग उरलेल्या झाडांना पाणी घातलं, कॅन पालथा केला आणि उतरायला लागले. बाराच्या वडापमध्ये बसताना त्यांनी घरच्या तांदळाची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "नीट जावा," एवढंच म्हणाले.

तुम्ही जाणार असाल तर सप्टेंबरात जा. सड्याचा न खणलेला भाग तेव्हा फुलांनी भरलेला असतो. दोन्ही भाग शेजारी शेजारी बघा.

मे महिन्यात मावशींचा घरून फोन आला. "तवापास्नं ह्ये वर गेलंच न्हाईत, बाई. झाडं समदी वाळली. सोप्यात बसून असत्यात." मग म्हणाल्या, "तुमी जरा खोटं बोलला असता, तर काय बिगडलं असतं?"

मामांना फोन द्या, असं मी म्हटलं. "नगं म्हणत्यात," त्या म्हणाल्या.

त्या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार केला. रिपोर्टमधला एकही शब्द मी आजही बदलणार नाही. सांगायलाही हवंच होतं. पण सांगून झाल्यावर तिथे एक दिवस राहता आलं असतं. सोप्यात, म्हणजे ओसरीवर, त्यांच्याशेजारी बसता आलं असतं, दुसऱ्या दिवशी कॅन घेऊन बरोबर वर जाता आलं असतं. मला मात्र संध्याकाळची पुण्याची गाडी चुकवायची नव्हती.

तेवढी गाडी चुकवायला हवी होती.