हंसाबाईचा टाका

यवतमाळच्या एका मुलींच्या वसतिगृहात हंसाबाई सोळा वर्षं शिपाई आहे. दोरीवरचे कपडे चोरीला जाणं ही तिथली जुनी रड. पेनानं लिहिलेली नावं दोन धुण्यांत उडत. मग हंसाबाईनं आपला उपाय काढला. तांड्यावर आईकडून कशिदा शिकलेली बाई. अक्षरओळख नसली तरी हात चालायचा. नवी मुलगी आली की तिचे कपडे खाटेवर मांडायला लावायचे आणि कॉलरच्या नाहीतर नेफ्याच्या आत टाका घालायचा. प्रत्येकीची नक्षी वेगळी. साठ जणींच्या नक्ष्या तिला तोंडपाठ.

"मावशी, चड्ड्यांवरही घालता का?" मुली चिडवायच्या.

"आण. लाज तुले, मले काय?"

यंदा तिची भाची जया तिथं राहायला आली. भाऊ किसनसिंग दारव्ह्याकडच्या तांड्यात पोरीचं लग्न उरकायच्या बेतात होता. "मी हाय तिथं, तीन वर्षं दे," असं सांगून हंसाबाईनं तिला आणलं होतं.

डिसेंबरात उर्वशी नावाच्या मुलीचं जीन्सचं जाकीट दोरीवरून गेलं. आठ दिवसांनी तसंच जाकीट जयाच्या पेटीत निघालं. परवाच बाजारातून घेतलं, असं जयाचं म्हणणं. आत टाका नव्हता.

"तुम्हीच सांगा," रेक्टर मॅडमनी जाकीट हंसाबाईच्या हातात दिलं.

हंसाबाईनं कॉलर उलटवली. दोरा उसवलेला होता, पण जाड कापडात सुईची भोकं राहिली होती. तीन फुल्या, एक आडवी रेघ. तिच्याशिवाय कोणाला ती दिसली नसती. जया भिंतीकडं बघत होती. नाही म्हटलं तर विषय मिटत होता. हो म्हटलं तर भाऊ पोरीला घेऊन जाणार होता.

"उर्वशीचं हाय," ती म्हणाली.

मॅडमनी जयाला ताकीद दिली आणि घरी फोन केला. दुसऱ्या दिवशी किसनसिंग हजर. त्यानं जयाची पेटी खाली फाटकाशी आणवली.

"डोये झाकता आले नाई तुले? सख्खी भाची!"

"बाकीच्या पोरी कोनाच्या भरवशावर कपडे वाळू घालतेत, भाऊ?"

"ठेव तुझा भरवसा. जया, पेटी उचल."

जयानं हात लावला नाही. "सोमवारी माहा पेपर हाय, बाबा."

"आता कायचा पेपर?"

"इतिहासाचा."

किसनसिंगनं पेटी तिथंच राहू दिली. हंसाबाईनं आणलेलं पाणी न पिताच तो फाटकाबाहेर पडला. जयानं पेटी एकटीनंच ओढत वर नेली. आत्याशी ती पुढं महिनाभर बोलली नाही.